सिंहाचा मंगळवार

तिसरी घागर रिकामी झाली तरी बोकड हलला नाही. पाणी त्याच्या काळ्या पाठीवरून पोटाकडे ओघळलं, दाढीच्या टोकाशी जरा रेंगाळलं आणि फरशीवर टपटपत राहिलं. बोकडानं गळ्यातल्या हारातलं एक झेंडूचं फूल ओढून काढलं आणि निवांत चघळायला घेतलं.

"आनखी एक घागर आना," रामलिंग गुरव म्हणाले.

"आणा की," मी म्हटलं. "नळ नगरपालिकेचाच आहे."

गुरवांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. ते कातळाई देवीचे पुजारी. बोकडानं अंग झाडलं की नाही हे ठरवण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होता. रायतळ्यात रीत अशी, की नवसाचा बोकड देवीपुढे उभा करायचा आणि त्याच्यावर पाणी ओतायचं. त्यानं सगळं अंग झाडलं की देवीनं तो पत्करला. नाही झाडलं तर देवीला तो नको, मग त्याला सुरी लावायची नाही. एरवी ही परीक्षा मिनिटभरात आटपायची. शेळीच्या जातीला पाण्याचं वावडं. चार थेंब पडले तरी ती अंग झाडून मोकळी होते. त्यामुळे देवीनं बोकड नाकारल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या मंगळवारी मात्र बोकड देवळापुढे उभा नव्हता. तो सिंहाच्या पिंजऱ्यापुढे उभा होता, आणि त्या पिंजऱ्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी रायतळे नगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयाची अधीक्षक. त्याआधीची सगळी नोकरी गाईम्हशींत गेली होती. कुणाची गाय गाभण राहत नाही, कुणाची म्हैस दूध चोरते, हे पाहता पाहता एक दिवस वरून हुकूम आला आणि मी सिंहाची डॉक्टर झाले. घरी आईला वाटलं, बढती मिळाली. मी तसंच वाटू दिलं.

गावात त्या जागेला प्राणिसंग्रहालय कुणीच म्हणत नसे. ‘वळूखाना’ म्हणत. संस्थानच्या राजेसाहेबांना खिलार वळूंचा नाद होता. त्यांच्यासाठी राजेसाहेबांनी दगडी गोठा बांधला, दगडात गव्हाणी कोरून घेतल्या आणि पंचक्रोशीतल्या गाई तिथे आणायची सगळ्यांना मुभा दिली. पुढे राजपुत्राच्या लग्नात कुठल्याशा दुसऱ्या संस्थानिकानं आहेर म्हणून सिंहाची जोडी पाठवली. आहेर काही परत करता येत नाही. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून वळू बाहेर काढले, गोठ्याला गज लावले आणि सिंह आत घातले. वळूंचं पुढे काय झालं हे कुणाला सांगता येत नाही. सिंहांच्या मात्र तसबिरी आहेत. मग संस्थान गेलं, नगरपालिका आली, माकडं आली, मोर आले, एक अजगर आला. पण आमचा युवराज ज्या पिंजऱ्यात राहायचा तिथली दगडी गव्हाण तशीच होती. तो तिच्यातच झोपायचा.

युवराज हे नाव तो बच्चा असताना कुणा नगराध्यक्षांनी ठेवलं होतं. मी रुजू झाले तेव्हा तो पार म्हातारा झाला होता. आयाळ विरळ झाली होती, मागचा एक पाय आखडायचा. पण नाव बदलायचा ठराव कुणी मांडला नाही.

आता त्याच्या उपासाचं सांगायला हवं. पिंजऱ्यातल्या मांसाहारी जनावरांना आठवड्यातून एक दिवस काही द्यायचं नाही, अशी सगळीकडे पद्धत आहे. पोटाला बरं असतं. आमच्याकडे मांस पुरवणाऱ्या ठेकेदाराची सुट्टी मंगळवारी, म्हणून उपासही मंगळवारी. गावानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. कातळाईचा वार मंगळवार, सिंह देवीचं वाहन, तेव्हा युवराज देवीचा मंगळवार धरतो. ही बातमी इतकी पक्की झाली की बायका मंगळवारी पिंजऱ्याशी साबुदाण्याची खिचडी आणून ठेवू लागल्या. युवराज तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. ती आमचे रज्जाकभाई खायचे. सिंहाची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि खिचडी त्यांना मनापासून आवडायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता युवराजाची दाढ किडली. पुण्याहून माणसं बोलावून ती काढली, जखम भरली, तापही गेला. पण जेवण सुटलं ते सुटलंच. रेड्याचं मांस पुढे टाकलं की हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बकऱ्याचं ताजं मटण देऊन बघा, चव बदलली तर खाईल. नाही खाल्लं तर फार दिवस नाहीत. नगरपालिकेच्या ठेक्यात फक्त रेडा होता. बकऱ्यासाठी ठराव हवा, ठरावासाठी सभा हवी, आणि सभा होती दिवाळीनंतर. माझ्यासमोर जनावर खंगत होतं आणि मी अर्ज लिहीत होते.

अशात रामलिंग गुरव माझ्या कचेरीत येऊन बसले. त्याच साली देवळाच्या आवारात बळी द्यायला बंदी आली होती. बोकडाची मुंडी आणि एक पाय हा गुरवांचा मान. बंदीमुळे देवीचं काय झालं ते देवी जाणे, गुरवांच्या घरी मात्र रस्सा बंद झाला होता.

"बोकड हाय एक," ते म्हणाले. "नवसाचा. काळा, बिनडागाचा. देवळात कापायला बंदी. तुमच्या कत्तलखान्यात हाय का बंदी?"

"नाही."

"देवीचं वाहन कोन? सिंव्ह. सिंव्हाच्या पोटात गेलं म्हंजी देवीला पावलं. हितं पिंजऱ्याम्होरं बोकड अंग झाडंल, तुमचा रज्जाक तिकडं निऊन कापंल, मटान तुमच्या सिंव्हाला. मुंडी आन एक पाय तेवढा माजा."

मी यात कायद्याची चूक शोधली. सापडली नाही. स्पष्ट सांगते, मला तो बोकड हवा होता. युवराजाच्या बरगड्या दुरून दिसायला लागल्या होत्या.

"कधी?" मी विचारलं.

"मंगळवारी. देवीचा वार."

मंगळवारचा उपास तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही. जो इतके दिवस जेवलाच नव्हता त्याचा उपास कुठला धरायचा?

बोकड कुणाचा हे कळलं तेव्हा मात्र माझा उत्साह जरा मावळला. तो हौसाक्कांचा बंडू होता. हौसाक्का आमच्या फाटकाशी उकडलेल्या शेंगा विकायच्या. समोरच्या आळीत राहायच्या, एकट्याच. बंडू त्यांच्या टोपलीशेजारी बसलेला असायचा. पोरं शेंगा खाऊन टरफलं त्याच्यापुढे धरायची. त्यांच्या लेकीचं मूल तान्हं असताना तापानं फणफणून गेलं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा हौसाक्कांनी कातळाईला काळा बोकड बोलला. मूल वाचलं. हौसाक्कांनी एक काळं करडू आणलं, त्याला तळहातावर दाणे देऊन वाढवलं आणि पोराला हाक मारावी तसं बंडू नाव ठेवलं. आळीच्या नळावर माणसांच्या आधी बंडूची अंघोळ व्हायची. बायका कुरकुरायच्या. "देवीचा हाय," हौसाक्का म्हणायच्या, "मळका कसा ठिऊ?"

नवस फेडायचा मात्र राहून राहून राहिला होता. आधी बोकड लहान म्हणून, मग बंदी आली म्हणून. लेकीची सासू आनसाबाई मोठी करारी बाई. तिनं सांगून टाकलं होतं, "नवस फिटल्याबिगर आमचं पोर तुमच्या उंबऱ्याला शिवायचं न्हाई." देवीचं देणं ज्या घरात अडकलंय तिथे मूल पाठवायला ती भीत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. त्यामुळे ज्या नातवासाठी नवस बोलला तो हौसाक्कांना कुणाच्या लग्नात, बारशात लांबूनच दिसायचा.

तर अशी ती मंडळी त्या मंगळवारी पिंजऱ्यापुढे जमली होती. हौसाक्कांनी बंडूला स्वतः चालवत आणलं होतं. कपाळाला त्याच्या हळदकुंकू, गळ्यात हार. हौसाक्कांचा चेहरा अगदी कोरा होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. शेजारी आनसाबाई पदर खोचून उभ्या होत्या, नवस नीट फिटतो की नाही ते बघायला. मागे तिकीट काढून आलेली माणसं, त्यांना आज तेवढ्याच पैशांत जास्तीचं बघायला मिळालं होतं. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो युवराज गव्हाणीत आमच्याकडे पाठ करून पडला होता.

चौथी घागर आली. गुरवांनी ती उंचावरून, धार धरून ओतली. बंडूनं डोळे मिटले आणि एक कान हलवला.

"झाडलं," गुरव म्हणाले.

"कान हलला निस्ता," आनसाबाई म्हणाल्या. "कान धरत न्हाईत."

"बाई, मी गुरव हाय का तू?"

"तुमीच हाय. म्हनूनशान तुमी नीट बगा. माज्या नातवाचा नवस हाय, वरवर न्हाई चालायचा."

गुरवांनी मग शेपटीच्या बाजूनं पाणी मारलं. शेपटी हलली. आनसाबाईंनी शेपटीही धरली नाही. फाटकावरच्या कुल्फीवाल्याकडून कुणीतरी बर्फ आणला, तो घागरीत टाकला, आणि ते पाणी बंडूच्या पाठीवर गेलं. बघणाऱ्यांच्याच अंगावर काटा आला. बंडूनं पुढचा पाय जरा पुढे टाकला आणि हाराकडे मान वळवली. शेवटी गुरवांनी ओंजळभर पाणी थेट त्याच्या कानात घातलं. बंडूनं मुंडकं जोरात हलवलं. गर्दीतून ‘झाडलं, झाडलं’ असा आवाज उठला. रज्जाकभाई दोरीला हात घालायला पुढे झाले.

"मुंडकं हलवलं," आनसाबाई म्हणाल्या. "अंग कुटं झाडलं? रीत म्हंजी रीत."

रज्जाकभाई मागे सरले. गुरवांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ऊन चढलं होतं. मला मटण हवं होतं, आणि ते आनसाबाईंच्या कडक स्वभावापायी समोर उभं राहून झेंडू खात होतं.

"गुरवबाबा," हौसाक्का पहिल्यांदाच बोलल्या. आवाज इतका खाली की सगळे गप्प झाले. "म्या अडानी. पर इचारू का एक?"

"इचार."

"आज मंगळवार न्हवं का? आज सिंव्हाचा उपास आसतोय ना?"

माकडांच्या पिंजऱ्याकडून तेवढा कलकलाट ऐकू येत होता. मग एकेक मान माझ्याकडे वळली.

"डाक्टरीनबाई," आनसाबाईंनी विचारलं, "हाय का आज उपास?"

मी काय सांगणार? पोटाच्या आरोग्याचं सांगणार, की ठेकेदाराच्या सुट्टीचं? प्रश्न साधा होता आणि उत्तरही खरं होतं.

"हो," मी म्हटलं. "मंगळवारी त्याला काही देत नाहीत."

आनसाबाईंनी दोन्ही गालांवर मारून घेतलं. "आगं आई कातळाई. उपासाच्या दिशी तुज्या वाहनाच्या तोंडात मटान घालत हुतो का गं आमी? तरीच झाडंना ते मुकं जनावर."

गर्दीला ते एकदम पटलं. एक म्हातारा म्हणाला, मी तर मघापासून हेच म्हणत होतो. तो मघापासून काहीच म्हणत नव्हता, पण त्याला कुणी अडवलं नाही.

"मग उद्या देऊ," गुरव म्हणाले. त्यांना मुंडी हातची जाताना दिसत होती.

"उद्या बुधवार. बुधवार देवीचा हाय व्हय?"

"म्होरल्या मंगळवारी तर मग."

"म्होरल्या मंगळवारी उपास न्हाई का?"

गुरवांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती.

"दर मंगळवारी असतो," मी म्हटलं.

एव्हाना आनसाबाईंना सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. देवीनं बोकड नाकारला नव्हता. तिला तो जिवंत हवा होता, आपल्या वाहनाला सोबत म्हणून. म्हातारा सिंह एकटा पडला होता, देवीला त्याची दया आली. गर्दीतल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. एकीनं बंडूच्या पायावर डोकं ठेवलं. बंडूनं तिच्या अंबाड्यातलं फूल खाल्लं, तोही प्रसाद मानला गेला.

"मग इनबाई," हौसाक्का म्हणाल्या, "नवस फिटला का न्हाई माजा? तेवढं चारचौगांत सांगा."

"फिटला."

"पोराला धाडाल?"

"उंद्याच धाडते. चांगला आठ दिस ऱ्हाऊ दे आज्जीकडं."

हौसाक्कांनी मान हलवली आणि पिंजऱ्याच्या पायरीवर बसून घेतलं.

गुरवांनी अंगावरचं उपरणं पिळलं. "देवीचा बोकड परत घरी न्यायचा नस्तो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. एवढी भरपाई त्यांनी करून घेतलीच. बोकड नगरपालिकेच्या गळ्यात पडला.

युवराजाची सिंहीण वारल्यापासून गोठ्याचा दुसरा अर्धा भाग रिकामा होता. मधे नुसते गज, त्यांना दाट जाळी. बंडूला तिथे बांधायला सांगून मी कचेरीत जाऊन बसले. मी फार चिडले होते. देवीवर, आनसाबाईंवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या खरं बोलण्यावर.

उन्हं कलायच्या सुमाराला रज्जाकभाई दारात आले. "मॅडम, जरा चला."

युवराज उभा होता. इतक्या दिवसांत त्याला मी उभा पाहिला नव्हता. जाळीला नाक लावून तो लांब लांब श्वास घेत होता, शेपटीचा गोंडा हलत होता. पलीकडे बंडूनंही नाक वर केलं होतं. दोघांनी एकमेकांचा वास घेतला. मग बंडू कंटाळला आणि भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं पान खायला गेला. युवराजाच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

"कालचं मांस आहे का शीतपेटीत?" मी विचारलं.

"हाय की. त्यानंच सोडलेलं."

"टाका."

रज्जाकभाईंनी रेड्याच्या मांसाचा तुकडा आत सरकवला. युवराजानं तो ओढत जाळीपाशी नेला, पुढचे पाय पसरून बसला आणि बंडूकडे बघत बघत, लोणच्याकडे बघून भाकरी खावी तसा, सगळाच्या सगळा खाल्ला. आम्ही दोघंही हलायला तयार नव्हतो. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. रज्जाकभाई भिंतीकडे बघत राहिले.

"मॅडम," थोड्या वेळानं ते म्हणाले, "आज मंगळवार."

"माहीत आहे."

"बाहेर कळलं, की सिंव्हानं मंगळवारी खाल्लं..."

"कुणी खाल्लं?"

रज्जाकभाईंनी रिकाम्या फरशीकडे पाहिलं, पाण्याचा पाइप घेतला आणि रक्ताचे डाग धुऊन टाकले. "कुनी न्हाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आधीच हौसाक्का घागर घेऊन उभ्या. "न्हाऊ घालू का त्याला? सवय हाय त्याची."

मी कुलूप काढलं. त्यांनी बंडूला बाहेर घेतलं, घागर खांद्याच्या उंचीला नेली आणि त्याच्या पाठीवर ओतली. बंडूनं डोळे मिटले. पाणी पाठीवरून पोटाकडे ओघळलं, दाढीशी रेंगाळलं आणि खाली टपटपलं. तो हलला नाही. हेच मी काल चार-चार घागरींना पाहिलं होतं, आणि पशुवैद्य असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"हौसाक्का," मी म्हटलं, "लहानपणापासून असाच उभा राहतो का हा?"

"न्हाई वो. पयल्यांदा लई उड्या मारायचा. अंग झाडझाडून माजंच लुगडं भिजवायचा." त्या त्याच्या पोटाखाली हात घालून चोळत होत्या. "रोज घातलं. थंडीत घातलं, पावसात घातलं. मग सोडलं त्यानं झाडायचं. रोजचंच झालं म्हनल्यावर कशाला झाडंल?"

"हे काल गुरवांना सांगितलं नाहीत."

"त्यांनी कुटं इचारलं?"

"आणि देवीला?"

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, मी नको ते विचारलं.

"देवीला काय सांगायचं," त्या म्हणाल्या. "तिच्या डोळ्याम्होरंच न्हाऊ घालत हुते की मी. रोज तिच्या डोंगराकडं त्वांड करून घातलं. तिला न्हाई म्हनायचं आसतं तर म्हनली आसती. ती गप ऱ्हायली, मग मी बी गप ऱ्हायले." त्यांनी पदरानं बंडूचे कान पुसले. "नवस बोलले तवा खरंच बोलले, डाक्टरीनबाई. पोराच्या बदल्यात तिनं माजा जीव मागितला आस्ता तरी दिला आस्ता. पर ह्यो माज्या हातावर वाढला. दोगंबी जगावं आसं वाटलं. त्यात तिचं काय वाईट झालं?"

मागून एक काळंसावळं पोर पळत आलं आणि त्यानं हौसाक्कांच्या कमरेला मिठी मारली. मी कचेरीकडे वळले. मला त्या बाईचा एवढा हेवा वाटला होता की तिथे थांबवेना.

युवराज त्यानंतर दोन वर्षं जगला. रोज जाळीशी बसून जेवायचा. तो गेला गुरुवारी, पण गावात अजून सांगतात की मंगळवारीच गेला, उपाशीपोटी. दुसरा सिंह काही मंजूर झाला नाही. गोठ्याची ती बाजू हवेशीर, म्हणून बंडूला तिकडे हलवलं. पिंजऱ्यावर ‘वनराज सिंह. खाद्य देऊ नये’ अशी पाटी होती, ती तशीच राहिली, आणि तिच्याखाली उभं राहून लोक बंडूला केळी देत. तो ती दगडी गव्हाणीत घेऊन खायचा.

दरम्यान आळीच्या नळावर नवाच गोंधळ सुरू झाला होता. पहाटेपासून बायका करडांना घेऊन रांगेत उभ्या. नवस तर चालूच होते, मुलं आजारी पडायची, लेकी अडायच्या, पोरं परीक्षेला बसायची. मंगळवारी माझ्या फाटकात एकेक बोकड येऊन उभा राही. रामलिंग गुरव गंभीर चेहऱ्यानं घागरी ओतत, मान हलवत आणि जाहीर करत, "देवीनं जित्ता ठिवून घेतला." आनसाबाईंची कडक परीक्षा आता सगळ्यांनाच लागू होती. कानही धरायचे नाहीत आणि शेपटीही नाही. कोल्ह्यांच्या पिंजऱ्यात बोकड, मोरांच्या जाळीत बोकड, अजगर दुसरीकडे गेला तर त्याच्या काचेच्या खोलीत बोकड. शेवटी दिल्लीहून एक साहेब तपासणीला आले. सगळीकडे फिरून त्यांनी मला सभ्यपणे विचारलं की इथे प्राणी कुठे आहेत. मग त्यांनी वर कळवलं की हे प्राणिसंग्रहालय नसून गोठा आहे. राजेसाहेबांचंही तेच म्हणणं होतं. मान्यता गेली, माकडं-मोर मोठ्या शहरात रवाना झाले आणि त्या जागी शेळीपालन केंद्र निघालं. मी पुन्हा माझ्या ओळखीच्या जनावरांत आले. या वेळी आईला बढती नाही वाटली.

या सगळ्यात मला वाईट वाटायचं ते रामलिंग गुरवांचं. मुंडी गेली, पाय गेला, आणि वर दर मंगळवारी धोतर भिजायचं. मला वाटायचं, सगळ्या गावात एकट्या त्यांनाच अजून काही कळलेलं नाही.

माझी बदली झाली त्या आठवड्यात, ऐन थंडीत, ते घरी आले. बायकोनं पाठवलेले तिळाचे लाडू दिले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, उठले आणि पुन्हा बसले. मग उपरण्याच्या आतून त्यांनी एक काळं करडू बाहेर काढलं. जन्मून फार दिवस झाले नसावेत. ते त्यांच्या हातावर झोपलं होतं.

"धाकटी लेक बाळंतपनात अडली हुती," ते म्हणाले, "तवा बोललो देवीला. नात झाली, ब्येस हाय."

"छान."

"नातीनं पार लळा लावून घेतलाय. कुशीत घिऊन झोपती."

मी करडाचे डोळे पाहिले, नाळ वाळली का पाहिली. गुरव खिडकीबाहेर बघत होते, कातळाईचा डोंगर दिसत होता तिकडे.

"डाक्टरीनबाई," शेवटी ते तसंच बाहेर बघत म्हणाले, "पानी कितव्या दिसापास्नं सुरू करावं?"

"थंडी सरू द्या," मी म्हटलं. "आणि सुरुवातीला कोमट घ्या."